बेकारी भत्त्याच्या अपिलांवर सुनावणी घेणाऱ्यांना आधी काय शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या एका राज्यासाठी असा अभ्यासक्रम बनवायचं काम तुमच्या इंदूरच्या कंपनीकडे आलंय, आणि सुरुवात कायद्याच्या कलमांपासून करावी का, असं विचारलंय.

कलमं नंतर घ्या, आधी प्रश्न विचारायला शिकवा. मी इथल्या कामगार न्यायालयात वकिली करतो. एकटा आलेला कामगार कसा गांगरतो, हे रोज बघतो. तिकडेही बहुतेक अर्जदार वकिलाविना येतात आणि पुष्कळ सुनावण्या फोनवरच होतात. माहिती काढायचं काम मग सुनावणी घेणाऱ्यावरच येतं. ‘तुम्ही गैरवर्तन केलं का?’ या प्रश्नातून काही निघत नाही. ‘शेवटच्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून सांगा’, ‘हा नियम तुम्हाला कुणी सांगितला होता?’, ‘आधी ताकीद मिळाली होती का, तोंडी की लेखी?’ असे प्रश्न हवेत. आणि मधे तोडायचं नाही.

दुसरा मोठा धडा गैरवर्तनाचा, कारण त्यावरून काढलं असेल तर भत्ता नाकारला जातो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये बॉयंटन कॅब प्रकरणात दिलेली व्याख्या पुढे अनेक राज्यांनी उचलली: मालकाच्या हिताची जाणूनबुजून पायमल्ली केली तर ते गैरवर्तन. काम नीट जमलं नाही किंवा साधी चूक झाली, एवढ्याने भत्ता जात नाही. आपल्याकडे नोकरी गेलेल्या विमाधारक कामगारांसाठी १ जुलै २०१८ पासून आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतही गैरवर्तनावरून काढलेल्याला मदत नाही, त्यामुळे तुमच्या टीमलाही हा विषय परका वाटू नये.

सरावासाठी मधल्या केस घ्या. पीथमपूरच्या कारखान्यात साहेब म्हणतो, ‘राजीनामा दे, नाहीतर काढतो,’ आणि माणूस सही करतो. त्याने नोकरी सोडली की त्याला काढलं? अमेरिकेत साधारणपणे काढलं असेल तर गैरवर्तन मालकाने सिद्ध करायचं, सोडली असेल तर सबळ कारण कामगाराने दाखवायचं. म्हणजे या एका उत्तरावर पुराव्याचा सगळा भार इकडून तिकडे जातो. शिकणाऱ्यांना यावर भांडू द्या, घाईने उत्तर सांगू नका. माझ्या मते अभ्यासक्रमाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा.

शेवटी निकाल लिहायला लावा. कुणाचं म्हणणं पटलं नाही आणि का, हे हरलेल्या माणसाला वाचून कळलं पाहिजे. गुण द्यायचे ते या कारणांना द्या.