जुन्या जीपचं फाउंडेशन घरी बदलता येतं का? टायरचं रबर चालेल का?

तुमची १९६४ची सीजे-३बी, हरिकेन पेट्रोल इंजिन मूळचंच. पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी गचके खाते. मिस्त्री म्हणतात क्लचप्लेट टाका, फाउंडेशनला टायरचं रबर कापून लावतो. (फाउंडेशन म्हणजे लोखंडी पट्टीला पक्कं धरलेलं रबर, ज्यावर इंजिन चासीवर टेकतं; पुढे डावं-उजवं आणि मागे एक.) ते घरी होईल का आणि टायरचं रबर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

घरी होईल. टायरचं रबर चालणार नाही. त्या दुसऱ्या उत्तरासाठीच लिहायला बसलोय, कारण हा वाद मी वर्षानुवर्षं घालतोय.

अशीच एक ३बी समोर आली होती. दोन वर्षांत दोन क्लचप्लेटी आणि एक प्रेशर प्लेट खाऊन झालेली, गचके जागच्या जागी. काढलेल्या प्लेटवर रिव्हेटच्या वर निम्म्याहून जास्त लायनिंग शिल्लक. वरून बघितलं तर डावं फाउंडेशन धडधाकट. खाली टॉमी (लोखंडी दांडा) घालून इंजिन जरासं उचललं, तर रबर चासीच्या ब्रॅकेटवरच बसून राहिलं आणि वरची पट्टी एकटी वर गेली. मध्ये दहाचं नाणं सरकेल एवढी फट. टॉमी काढली की इंजिनाच्या वजनाने फट बंद, परत सगळं नव्यासारखं. मागच्या फाउंडेशनच्या जागी कन्व्हेयर बेल्टचे तीन तुकडे एकावर एक, आणि बोल्ट इतका आवळलेला की लोखंडाला लोखंड टेकलेलं. इंजिनाच्या मागून क्रॉस मेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईला, येणारी स्टे केबल तर नव्हतीच. ‘ती बिनकामाची वायर’ म्हणून कुणीतरी कापून टाकली होती.

गचक्याचं मूळ त्या बिनकामाच्या वायरीत होतं. क्लचचं पेडल चासीवर, क्लच दाबणारा फोर्क बेलहाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच), आणि दोघांना जोडणारा आडवा शाफ्ट एका टोकाने चासीला तर दुसऱ्या टोकाने बेलहाउसिंगला टेकलेला. म्हणजे इंजिन अर्धा इंच पुढे सरकलं तर तुमचा पाय न हलताच क्लच दाबला किंवा सोडला जातो. प्लेट धरते, इंजिन सरकतं, क्लच सुटतो, इंजिन परत येतं, प्लेट पुन्हा धरते. याला आपण गचके म्हणतो आणि प्लेटीचे पैसे भरतो. रबराने इंजिन आडवं आणि वर-खाली डोलू द्यायचं, केबलने पुढे-मागे जाऊ द्यायचं नाही, अशी ही वाटणी जीपच्या मूळ कंपनीने, विलीजने, करून ठेवलेली आहे.

डावंच आधी का सुटतं? इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बोल्ट केलेले, त्यामुळे फाउंडेशनवर नुसत्या इंजिनाचा टॉर्क (पिळण्याचा जोर) येत नाही, गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा येतो. हरिकेनचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८, म्हणजे ४३०च्या आसपास. लो रेंज (अवघड चढासाठीचा जास्त ताकदीचा गिअर) टाकली की आणखी जवळजवळ अडीच पट, हजाराच्या वर. त्याची उलट प्रतिक्रिया इंजिनाची डावी बाजू वर उचलते आणि उजवी खाली दाबते. दाब रबर सोसतं, ओढ सोसते ती रबर आणि पट्टी यांच्यामधली पकड. ती सुटते.

तपासायला एक माणूस लागेल. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, फूटब्रेक दाबून ठेवा, पहिल्या गिअरला क्लच हळू सोडायला सांगा आणि बाजूला उभे राहून बघा. समोर कुणी उभं राहायचं नाही. थोडं डोललं तर हरकत नाही. अर्ध्या इंचाहून जास्त उचललं किंवा ‘ठक्’ असा आवाज आला तर पकड गेली. रिव्हर्सलाही बघा.

बदलताना आधी बॅटरीची वायर काढा. सायलेन्सरचा पुढचा जोड आणि रेडिएटरचा वरचा होज सैल करा, स्टे केबल असेल तर तीही सोडा. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तो भाग) दोन इंच जाडीची रुंद फळी घालून मगच जॅक लावा. पत्र्याच्या चेंबरला पोचा आला तर आतला तेल ओढणारा तरंगता गाळणा अडकतो, हे ध्यानात असू द्या. चेन पुली मिळाली तर वरून उचलणं उत्तम. उचलायचं ते रबर निघेल एवढंच, आणि एका वेळी एकच बाजू. मागचं करताना गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावल्याशिवाय क्रॉस मेंबर सोडू नका. पाने इंचीच वापरा. बोल्ट बहुतेक तीन सुताचे (३/८ इंच), त्यांना नऊ-सोळांशचा पाना बसतो. १५ मिलिमीटरचाही बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतो.

आता गॅरेजात हमखास चुकतं ते. बसवला बोल्ट की आवळला, मग दुसरा, मग तिसरा, असं केलं की रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचं अडकतं. तिन्ही ठिकाणचे नट आधी हाताने लावा, जॅक पूर्ण काढा, इंजिन हाताने चार वेळा डावी-उजवीकडे हलवून त्याचं त्याला बसू द्या. मग मागचं आवळा, मग पुढची दोन. स्टे केबल सगळ्यात शेवटी, झोळ निघेल एवढीच. तारेसारखी ताणली तर सगळी थरथर चासीत उतरते. नंतर क्लच पेडलचा फ्री प्ले (क्लच दाबला जाण्याआधीची पेडलची मोकळी चाल) पुन्हा लावा, साधारण एक इंच.

आणि इंजिन-चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी! रबरामुळे इंजिन चासीपासून वेगळं असतं. पट्टी लावायची राहिली तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो, आणि चोकची नॉब हाताला चटका देते.

रबराबद्दल. टायरचं रबर लवकर झिजत नाही, खरं आहे. फाउंडेशनचं काम झिजणं नाही, लवणं आहे. टायरच्या आत कापडाचे किंवा तारेचे पदर असतात, ते आडवं लवत नाहीत, आणि पट्टीला पकड नसल्यामुळे ओढीला त्याचा उपयोग शून्य. मूळ पट्ट्या फेकू नका. रबर मोल्डिंगवाल्याकडून त्यांच्यावरच नवं रबर व्हल्कनाइझ करून (उष्णतेने पट्टीशी एकजीव करून) घ्या. नैसर्गिक रबर, ५० ते ६० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप), पट्टी आधी सँडब्लास्ट केलेली. सोल्युशनने (रबराच्या गोंदाने) चिकटवून देतो म्हणाला तर उठून या. ‘जुना ओरिजिनल माल, डबा बंद’ म्हणून साठ वर्षांपूर्वीचं फाउंडेशन कुणी विकत असेल तर नखाने दाबून बघा. नख रुतत नसेल तर तो शोकेसचा माल. रबर डब्यातही म्हातारं होतं. पॉलियुरेथेन साधारण ८०च्या पुढे कडक. ज्यांना नुसतं दगडधोंड्यांतून चढायचंय त्यांनी खुशाल लावावं, रस्त्यावर आरसे आणि दात दोन्ही वाजतील.

मिस्त्रींची बाजूही सांगायला हवी. इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळणारं तेल क्लचप्लेटवर गेलं असेल तर फाउंडेशन बदलून गचके जाणार नाहीत. बेलहाउसिंगच्या खाली तेल ठिबकतंय का ते आधी बघा. शिवाय तेच तेल नवं रबरही फुगवतं, म्हणून गळती आधी, फाउंडेशन नंतर. आणि गाडीत मधल्या काळात डिझेल इंजिन बसवून परत पेट्रोल आणलं असेल तर चासीवरचे ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड केलेले असू शकतात. डाव्या-उजव्या ब्रॅकेटची उंची चासीपासून मोजा, पंखा आणि रेडिएटरमधलं अंतर वर-खाली सारखं आहे का बघा. ब्रॅकेटच वाकडे असतील तर ते आधी सरळ करून घ्या. तीनशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा पाहा, नवं रबर दबतं आणि पाव आटा तरी सुटतोच.