गाडीचा सल्ला : वळणावरचा ‘कट्ट’

प्रश्न : सात वर्षांची छोटी कार आहे. मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला वरचेवर जावे लागते. स्टिअरिंग फिरवले की पुढून डावीकडून ‘कट्ट’ असा आवाज येतो. दोन्ही शॉकअप बदलले, तरी आवाज तसाच. गाडी चालवावी का? – वाचक, मेढा

उत्तर : तपासणी होईपर्यंत घाटात नेऊ नका. शॉकअप गेला तर गाडी उसळते, ब्रेक लांब लागतो, पण चाक जागेवर राहते. मात्र हा आवाज बॉल जॉइंटचाही असू शकतो. चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या टोकाचा हा गोळ्याचा सांधा खोबणीतून निसटला, तर चाक खालून बाहेर फाकते, अ‍ॅक्सल खेचला जातो आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. मग स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही.

आधी सोपी शक्यता पाहा. उभ्या गाडीत कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून स्ट्रटच्या (स्प्रिंगसकट पुढच्या शॉकअपच्या) वरच्या टोकावर हात ठेवा. धक्का हाताला लागला तर माउंटचे, म्हणजे स्ट्रट वर बॉडीला जिथे बसतो त्या बैठकीचे, बेअरिंग गेले आहे. शॉकअप बदलताना जुनेच माउंट परत बसवतात, तिथे हा घोळ होतो.

तसे नसेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओंडके लावा, गाडी जॅकवर उचला आणि बॉडीखाली घोडी (पक्का स्टँड) द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. लोंबकळते चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. ढिलाई लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग. राहिली तर संशय बॉल जॉइंटवर. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा बघा.

जॉइंटच्या रबरी बुटावरून बोट फिरवा. तो फाटला की ग्रीस बाहेर, तुमच्याकडची तांबडी माती आणि पावसाचे पाणी आत. वरून ग्रीस भरले तर आवाज काही दिवस दबतो, झीज तशीच राहते. काही गाड्यांत जॉइंट सुटा मिळतो, काहींत अख्खा आर्मच बदलावा लागतो. लॉकनट किंवा स्प्लिट पिन नवीच घाला.

आर्म बदलल्यास एक गोष्ट मेकॅनिककडून करून घ्याच : आर्म बॉडीला जिथे जोडतो त्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावर. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर अलाइनमेंट.

प्रश्न : भिलारहून वाईला स्ट्रॉबेरी नेणाऱ्या पिकअपच्या मागच्या कमानीचा मेन (सर्वांत लांब) पाटा चिरला आहे. वेल्डिंग करून वर एक जादा पाटा टाकला तर हंगाम निघेल का? – वाचक, पाचगणी

उत्तर : वेल्डिंग मुळीच नको. पाट्याच्या पोलादाला उष्णता देऊन पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने शिवणीलगत ते कडक-ठिसूळ होते, तर थोडे पलीकडे नरम पडते. पाटा तिथेच मोडतो. शिवाय मेन पाट्याच्या डोळ्यामुळेच (टोकाच्या गोल वेटोळ्यामुळेच) हाउसिंग, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचे कवच, जागेवर असते. पुढच्या डोळ्याकडे पाटा तुटला तर ते एका बाजूने सरकते आणि गाडी आपोआप वळते. पसरणी घाट उतरताना हे झाले तर सावरायला जागा नाही.

जादा पाट्याने गाडी कमी दबते, एवढेच. ब्रेक, टायर, हाउसिंग पहिलेच असतात, त्यामुळे पासिंगचा (नोंदणीत मंजूर झालेला) भार वाढत नाही.

कमानवाल्याकडून मेन पाटा, सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) आणि चारही यू-बोल्ट (कमान हाउसिंगला बांधणारे) नवे घ्या. यू-बोल्टच्या नटा आळीपाळीने, तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण पाटे बसले की बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू-बोल्टमुळे सगळा झटका सेंटर बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. मागून पाहताना गाडी तिरकी चालताना दिसली, तर हे झालेले असू शकते.

प्रश्न : एकाच शॉकअपमधून ऑइल गळते. तेवढाच बदलू का? – वाचक, कराड

उत्तर : जोडीच बदला, नाहीतर एक बाजू घट्ट, एक ढिली राहते. मात्र नुसती ओलसर धूळ म्हणजे गळती नव्हे. पुसून आठवड्याने पाहा, ओघळ आला तरच खर्च करा.