मिखाऊ क्रुश्का कोण होते आणि चर्चशी त्यांचा वाद का झाला?

पोलंडमधून १८८० मध्ये अमेरिकेत आलेल्या क्रुश्का यांनी १८८८ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात ‘कुरियर पोल्स्की’ हे दैनिक सुरू केले. अमेरिकेत दीर्घकाळ टिकलेले हे पहिले पोलिश दैनिक मानले जाते. पुढे ते विस्कॉन्सिनच्या विधिमंडळातही निवडून गेले. परंतु त्यांचे खरे बळ, माझ्या मते, छापखान्यातच होते.

वादाचे मूळ असे की, कॅथलिक पोलिश स्थलांतरितांच्या वर्गण्यांवर चर्च उभी राहत असताना बिशपपदे (एखाद्या प्रदेशातील चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंची पदे) मात्र प्रामुख्याने आयरिश आणि जर्मन वंशाच्या धर्मगुरूंकडे जात असत, आणि याविरुद्ध क्रुश्का उघडपणे लिहीत. त्यांचे सावत्र बंधू वात्स्वाफ हे स्वतः धर्मगुरू असूनही पोलिश बिशपांच्या मागणीत आघाडीवर होते, ही गोष्टही लक्षात घ्यावी. अखेर १९१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या बिशपांनी संयुक्त पत्रक काढून ‘कुरियर’ वाचण्यास मनाई केली. त्यामुळे घरी हे वर्तमानपत्र घेणे हे पाप ठरले आणि ते न सोडणाऱ्यास पापक्षमा (पापांच्या कबुलीनंतर धर्मगुरूंकडून मिळणारी क्षमा) नाकारली जाऊ लागली. क्रुश्का यांनी व्यवसायाच्या नुकसानीबद्दल बिशपांवर दावा लावला, पण तो न्यायालयात टिकला नाही. १९१८ मध्ये क्रुश्का यांचे निधन झाले. ‘कुरियर’ मात्र त्यानंतरही अनेक दशके निघत राहिला.