काचेला चिकटलेला फोटो

प्रश्न : सासरच्या घराच्या पडवीत बसलेल्या सगळ्या कुटुंबाचा सहा बाय आठ इंची कृष्णधवल फोटो आहे. वरच्या कोपऱ्यात तो काचेला चिकटलाय, मागचा पुठ्ठा कसरीने खाल्लाय. मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. फ्रेमवाला म्हणतो, काच सोडवून लॅमिनेट करून देतो. देऊ का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, दिला असेल तर आजच परत आणा. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. चिपळूणच्या पावसाळी हवेत तो ओलसर होतो आणि काचेला धरतो. विशीत असताना मी आत्याच्या लग्नाचा फोटो असाच ओढला होता. आत्या सुटून आली, नवरदेवाचं कपाळ काचेवरच राहिलं. ती काच अजून माझ्या कपाटात आहे. आणि लॅमिनेशन एकदा झालं की झालं, ते उलटवता येत नाही.

काचेसकटच कॉपी काढा. स्कॅनरवर जमलं तर सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके. सहा बाय आठचा फोटो मग बारा बाय सोळा इंचांपर्यंत स्वच्छ निघतो, त्याहून मोठा करायचा मोह नको. काचेमुळे स्कॅन अंधुक आला तर कॅमेरा फोटोच्या अगदी समोर धरून, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड टाकून टिपा. फाईल टिफमध्ये ठेवा, या प्रकारात चित्राचा बारकावा कमी होत नाही. डाग घालवा, पण रंग भरून घेऊ नका. सासूबाईंच्या नऊवारीचा रंग कंप्युटरला कुठून कळणार?

प्रिंट मॅट कागदावर घ्या. भोवती दोन इंचांचा आम्लरहित माउंट, म्हणजे कागद पिवळा न पाडणाऱ्या पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा. दिसायला छान, शिवाय प्रिंट आणि काचेत फट राहते. तुमच्या घरी पुढचा त्रास त्यानेच वाचेल. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंतीशी हवा खेळती राहते. पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत आणि खिडकीसमोरची जागा टाळा.

हार मात्र घालू नका हो. त्यात मांडीवर बसलेलं एखादं पोर असेल, ते आज तुमच्याच घरात चहा पीत असेल. त्यालाच विचारून नावं लिहून घ्या, प्रिंटच्या मागे, मऊ पेन्सिलीने. मूळ फोटो काचेसकट आम्लरहित कागदात गुंडाळून गोदरेजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. आडवा.