राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी गावात मुलाखती घ्यायच्या आहेत. संमतीपत्रावर सही घेतली की नैतिकतेचा भाग संपतो का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, महिला सरपंचांना प्रत्यक्षात किती निर्णय घेता येतात यावर प्रबंध करताय, गाव मामाचं निवडलंय आणि मार्गदर्शकांनी संमतीपत्राचा छापील नमुना दिलाय. बाकी अडचणी काय येतील, हेही विचारलंय.

सही हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि गावात बऱ्याचदा तीच नडते. मी आधी निवडणूक सर्वेक्षणांत अन्वेषक म्हणून, मग पर्यवेक्षक म्हणून काम केलं. पुढे पीएच.डी.साठी दोन गावांत मिळून सात-आठ महिने राहिले. गावं कोणती ते सांगणार नाही; का, ते पुढे कळेल.

गावात कागदावर सही किंवा अंगठा म्हणजे कर्ज, सातबारा नाहीतर कोर्ट. एका आजींनी माझं संमतीपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "सोसायटीचं हाय का?" सोसायटीचं नाही म्हटल्यावर त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं आणि त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर मी तोंडी संमती घ्यायला लागले. मी कोण, कुठून आले, हे कशासाठी लिहून घेतेय, एखादा प्रश्न नको असेल तर सोडून देता येतो, मधेच उठताही येतं, हे सगळं त्यांच्या बोलीत सांगायचं. माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवायची. तुमच्या विभागाला तोंडी संमती चालते का ते आधी विचारून घ्या.

दुसरं म्हणजे संमती कोणाची? पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, महाराष्ट्रात 2011 पासून ते आरक्षण वाढून निम्म्या जागांपर्यंत गेलं, तरी सरपंचबाईंच्या घरी गेलात की पुढ्यात खुर्ची ओढून बसतात ते त्यांचे यजमान. "काय विचारायचं ते मला विचारा, मॅडम चहा करताहेत." त्यांची परवानगी ही बाईंची संमती नव्हे. पण त्यांना डावललंत तर त्याचा त्रास बाईंनाच, तुम्ही एसटी पकडून निघून गेल्यावर.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एका गावच्या सरपंचबाईंकडे तीन वेळा गेले, तिन्ही वेळा यजमान बोलले. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, चला, शेंगा काढायला चाललेय. दुपारभर आम्ही दोघी भुईमुगाचे वेल उपटत होतो. मातीचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "चेकवर सही माझी असती. आकडा नंतर पडतो." ग्रामपंचायतीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागतात. त्यांच्याकडून कोऱ्या चेकवर आधीच सह्या करून घेतल्या जात होत्या. माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने हे सोनं होतं.

मी त्यांचं नाव बदललं, गावाचंही बदललं. पण शिवणकाम करून घर चालवलेली, बिनविरोध आलेली सरपंच असं वर्णन ठेवलं, कारण त्याशिवाय मजकूर कोरडा वाटत होता. एका चर्चासत्रात मी ते प्रकरण वाचलं. श्रोत्यांत त्याच तालुक्यातले एक जण होते, त्यांनी चहाच्या वेळी मला गावाचं खरं नाव सांगितलं. आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. "ताई, तुम्ही नाव न्हाई लिहिलं. पण माझ्याबिगर दुसरं कोण हाय?" त्यानंतर कित्येक महिने त्यांचा फोन यजमानांच्या खिशात होता. मी तो परिच्छेद प्रबंधातून काढून टाकला. त्यांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

म्हणून सांगते, गावात नाव बदलणं म्हणजे काहीच नाही. सरपंच एकच असते, अंगणवाडीसेविका एक-दोन, एखाद्या आडनावाची घरं तीन. तुमचा विषय एका गावावर रेटू नका. दहा-बारा गावांतल्या सरपंचांशी बोला आणि कोऱ्या चेकसारखी गोष्ट कोणा एकीची म्हणून न लिहिता पद्धत म्हणून लिहा. तरीही कोणी ओळखू येत असेल तर ती गोष्ट लिहू नका, कितीही मोलाची असली तरी. विभागाला सादर करण्याआधी ज्यांचा भाग आहे त्यांना तो एकटीला गाठून वाचून दाखवा. मी ते केलं नव्हतं.

मामाच्या गावाबद्दल. तुम्हाला वाटत असेल ओळख आहे, काम सोपं होईल. पण तुम्ही आलात की पहिल्या तासात "अमक्याचा भाचा" म्हणून गावभर कळेल, आणि मामा ज्या पॅनेलचे त्या पॅनेलचा माणूस ठराल. विरोधी गट गोड बोलेल, खरं बोलणार नाही. खालच्या वस्तीत तर तुमच्या आडनावावरूनच दार किती उघडायचं ते ठरतं. कोणाच्या ओट्यावर आधी बसलात, वस्तीत पाणी घेतलंत की "नको, आत्ताच झालं" म्हणालात, हे लोक बघतात आणि लक्षात ठेवतात. मी दुसऱ्या गावात तालुक्याच्या ठिकाणी खोली घेतली आणि रोज एसटीने जाऊन-येऊन केलं. दमणूक झाली, पण कोणाच्या घरची झाले नाही. पोलीस पाटलांना विभागाच्या शिक्क्याचं पत्र पहिल्याच दिवशी दाखवा. कोणाकोणाशी बोलणार ती यादी मात्र त्यांनाही दाखवू नका.

मत कोणाला दिलं हा प्रश्न घेणार असाल तर जपून. मतदानोत्तर सर्वेक्षणांत आम्ही नकली मतपत्रिका आणि छोटी पेटी घेऊन जायचो. मतदाराने आमच्याकडे पाठ करून शिक्का मारायचा, घडी घालून पेटीत टाकायची. हे काम मतमोजणीच्या आधी उरकावं लागतं, कारण निकाल लागला की सगळेच निवडून आलेल्याला मत दिलं म्हणून सांगतात. एका घरी सुनेने घडी घातलेला कागद पेटीत टाकायच्या आधी सासऱ्यांनी हात पुढे केला, "बघू." मी पेटी पुढे ओढली आणि म्हटलं, हे उघडलं तर माझी नोकरी जाईल. खोटं होतं ते, पण त्या क्षणी दुसरं सुचलं नाही, आणि आजही मी तेच म्हणेन.

ही भीती उगाच नाही. निकाल केंद्रनिहाय जाहीर होतो. सहाशे-सातशे मतदारांच्या गावात कोणत्या वस्तीने हात दिला नाही हे पुढारी दुसऱ्या दिवशी बोटावर मोजतात, आणि मग रस्ता, टँकर, दिवाबत्ती त्या हिशोबाने होते. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं अशी शिफारस विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात केली होती. ते अजून आलेलं नाही. तेव्हा तुमच्या तक्त्यांतही केंद्र किंवा वाडी दिसू देऊ नका.

पैसे वाटपावर कोणी बोललं तर आणखी सांभाळा. मतासाठी पैसे देणाऱ्याइतकाच घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो. म्हणजे एखाद्या मजूरबाईने "पाचशे आले होते" म्हटलं आणि ते तुमच्या फोनमध्ये रेकॉर्ड झालं, तर तिच्याविरुद्धचा पुरावा तुमच्या खिशात आहे. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती, ते जिवंत असेपर्यंत बाहेर काढणार नाही, असं वचन देऊन घेतल्या होत्या. 2011 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकेत समन्स निघाली आणि काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या. ते वचन न्यायालयात टिकलं नाही, तुमचं तर टिकणारच नाही. अशा वेळी रेकॉर्डिंग बंद करा, वहीत नाव-तारखेशिवाय नुसत्या खुणेने लिहा, कोणती खूण कोणाची ती यादी वेगळ्या जागी ठेवा आणि काही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

आता रोजच्या कटकटी. मतदार यादी जुनी असते. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं तिच्यात असतातच. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच लोक भेटतात, म्हणजे दिवसाला चार-पाच मुलाखती डोक्यावरून पाणी. ऊसतोडीचा हंगाम असेल तर वस्तीच्या वस्ती बंद. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला झाली, तेव्हाही हाच प्रश्न. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरातल्याला घ्यायचा मोह होतो, आणि तिथेच गरिबातला गरीब तुमच्या अभ्यासातून गळतो. फॉर्मामागे पैसे मिळणारी मुलं झाडाखाली बसून फॉर्म भरताना मी स्वतः पाहिलीत. त्यांना रागावले, पण उन्हात दिवसभर फिरवून फॉर्मावर पैसे देणारे आम्हीच होतो. मदतीला कोणी घेणार असाल तर दिवसाचा रोज द्या.

आणि एक राहिलं. जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी म्हणेल, घरकुलाच्या यादीत आमचं नाव घाला. वही-पेन घेऊन येणारा माणूस त्यांच्या अनुभवात सरकारी असतो. पहिल्या वाक्यातच सांगा की माझ्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही. त्यावर काही जण बोलायचं थांबतील. थांबू द्या, तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्नावलीचा मसुदा झाला असेल तर खाली टाका, मी वाचून सांगेन. गावाचं नाव मात्र त्यातून आधी काढा.