'पाचवी मेजर' म्हणण्याआधी

अरे, गोल्फमधल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपला पाचवी मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक, म्हणायचं की नाही, या वादात लगेच उडी घेऊ नकोस. मेजर चारच. पण ही स्पर्धा जिथे होते त्या फ्लोरिडातल्या सॉग्रास मैदानाच्या सतराव्या होलवर, पाण्याने वेढलेल्या त्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) भल्याभल्यांची भंबेरी उडते, ती आधी बघ. बक्षिसाच्या रकमेवरून तर मान ठरवूच नकोस.

फॉरमॅटचं भांडण मात्र खरं. मुख्य मोसमाअखेरच्या टूर चॅम्पियनशिपमध्ये २०१९ ते २०२४ गुणतालिकेतला अव्वल क्रमांकाचा खेळाडू पहिला फटका मारण्याआधीच दहा अंडर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा दहाने कमी, असायचा! मला ते कधीच पटलं नाही. २०२५ला सगळे शून्यापासून खेळले आणि टॉमी फ्लीटवूड जिंकला.

आणि हो, कुणी 'परंपरा' म्हणत अंगावर आलं, तर चार मेजरपैकीच एक असलेली पीजीए चॅम्पियनशिप १९५७पर्यंत मॅच प्ले, म्हणजे एकूण फटक्यांऐवजी एकास एक लढतींची, होती, एवढं सांग.