पाय घालायची घाई करू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला बघितला. ‘ताई, मी आता पुढं खेळू का? बॅकला कोण बघतंय?’ आणि खाली रविवारच्या फुटबॉल मॅचचा व्हिडिओ, त्यात तू बॅकला, म्हणजे बचावाला. याचं उत्तर फोनवर टाइप करत बसण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

व्हिडिओ चारदा पाहिला. शाहू स्टेडियमच्या उजव्या कोपऱ्यात तू घसरून बॉल बाहेर काढलास तेव्हा गॅलरी उभी राहिली. शिट्ट्या, आरडाओरडा. पाटाकडील-दिलबहार तालमींच्या फुटबॉल मॅचवर पोसलेलं कोल्हापूर आहे आपलं, त्याला असलंच आवडणार. पण व्हिडिओ चार सेकंद मागं घे. कडेनं चढणारी त्यांची विंगर अजून दहा पावलं लांब आहे आणि तू टाचांवर उभी, अंग सरळसोट. ती आत वळली तेव्हा घसरण्याशिवाय तुझ्याकडं काही शिल्लकच नव्हतं. गॅलरीनं टाळ्या वाजवल्या त्या तुझी चूक तूच निस्तरलीस म्हणून. दुसऱ्या हाफमध्ये परत तेच केलंस, बॉल निसटला, तिचा पाय सापडला आणि पेनल्टी बसली. तेव्हा शिट्टी फक्त रेफ्रीची होती.

तुझ्या घरात पैलवानकी आहे, तुला सांगायला सोपं आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानात चांगला पैलवान सलामी झाली की लगेच पटात, म्हणजे समोरच्याच्या पायात, शिरतो का? आधी खडाखडी. हात झाडायचे, सरकायचं, समोरच्याला त्याला नको त्या बाजूला न्यायचं. घाईनं पटात गेला तो पाठीवर वजन घेऊन बसला. विंगरसमोर हेच करायचं. एक पाय पुढं, अंग तिरकं, गुडघे लवलेले, वजन चवड्यावर, मध्ये हातभर अंतर. नजर बॉलवर. तिचे खांदे आणि कंबर खोटं बोलतात, बॉल बोलत नाही. तिला बाहेरच्या रेषेकडं जाऊ दे, आत येऊ देऊ नकोस. बॉल तिच्या पायापासून जरा सुटला की मग पाय घाल, त्याच्या आधी नाही. तेवढ्या तीन-चार सेकंदांत तुझी जोडीदार मागं पोहोचलेली असते, हा खरा फायदा.

आमचे सर मॅच संपली की आधी माझी शॉर्ट्स बघायचे. मागं चिखल दिसला की म्हणायचे, ‘आज कुठं झोपलेलीस?’ तेव्हा राग यायचा.

दुसरं, तुझं तोंड. नव्वद मिनिटांत तुझा आवाज एकदाही ऐकू आला नाही. घरात एवढी बोलतेस! बॅकला उभं राहिलं की सगळं मैदान तुझ्या समोर असतं, पुढच्या पोरींना पाठीमागचं दिसत नाही. ‘मागं आली’, ‘वळ’, ‘लाइन वर’, ‘माझा’, एवढे चार शब्द वेळेवर पडले तर निम्मे टॅकल करावेच लागत नाहीत.

आता तुझा प्रश्न, बॅकला कोण बघतंय. मणिपूरची अशालता देवी सेंटर-बॅक, म्हणजे बचावात मधोमध खेळणारी. २०१८-१९ साली भारतीय फुटबॉल महासंघाची (एआयएफएफ) सर्वोत्तम महिला खेळाडू तीच ठरली आणि २०२४ मध्ये तिनं भारतासाठी शंभर आंतरराष्ट्रीय सामने पुरे केले. निवडणारे लोक गॅलरीसारखे बघत नाहीत. ५ जुलै २०२५ ला चियांग माईत आपल्या महिला संघानं थायलंडला २-१ नं हरवून पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, ते सगळ्यांना पाठ आहेत. दुसरा गोल ७४ व्या मिनिटाला झाला. त्यानंतरचा खेळ शोधून बघ, बॉल सोडून फक्त आपल्या मागच्या चौघींवर नजर ठेव. थायलंड घरच्या मैदानावर जीव खाऊन चढत होता. कोण कधी सरकते, कोण कुणाची जागा भरते, वहीत लिहून आण. स्वीटी देवी कप्तान होती, तीही डिफेंडरच.

गुडघ्याचं मात्र मनावर घे. माझा डावा गुडघा कॉलेजात असताना गेला, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला लिगामेंट. फायनल तोंडावर होती म्हणून गोळ्या खाऊन उतरले आणि दुसऱ्यांदा गेला तो कायमचाच. अंबाबाईच्या देवळातल्या पायऱ्या आजही मी कठडा धरून उतरते. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा किमान दुपटीनं होते. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्म-अप आहे, १५ व्यायाम, २० मिनिटं. उडी मारून उतरताना गुडघा आत पडू द्यायचा नाही, हे त्यात घोटून घेतात. तुम्ही पोरी मैदानाला दोन फेऱ्या मारता आणि त्याला वॉर्म-अप म्हणता. इंग्लंडची डिफेंडर लूसी ब्रॉन्झ २०२५ चा युरो चषक नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली आणि जिंकली. वाचून माझ्याही अंगावर काटा आला, पण तू असलं काही करायचं नाहीस. तिच्यामागं डॉक्टरांची फौज होती, तुझ्यामागं तुझे बाबा आणि एक रिक्षा.

बाहेरच्या क्लबचा फोन आलाय म्हणालीस. जा. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ ला सुरू झाली तेव्हा सगळा खेळ काही आठवड्यांत उरकायचा, २०२३-२४ ला पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर मॅच झाल्या. कोल्हापूरचाही संघ त्या लीगमध्ये खेळून आलाय. पण तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. फिफाच्या नियमात प्रोफेशनल कोण, तर ज्याच्याकडं लेखी करार आहे आणि ज्याला खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो. मला एका क्लबनं दोन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत. हातात कागदच नव्हता, भांडणार कशाच्या जोरावर? पगार किती तारखेला, दुखापत झाली तर ऑपरेशन कोणाच्या खर्चानं, एवढं लिहून घे आणि सहीची एक प्रत आईकडं ठेव. बी.ए. सोडायचं नाही. सीझन छोटा असतो, रेल्वे-पोलिसांत खेळाडू कोट्यातल्या वरच्या जागांना पदवी विचारतात.

पुढं खेळायचंच असेल तर माझी ना नाही. आधी तीन मॅच माझ्या सांगण्यावरून बॅकला खेळ, मग बोलू. गुरुवारी सकाळी सहाला गांधी मैदानावर ये. पाणी साचलेलं असलं तर फोन करते. पांढरी शॉर्ट्स घालून ये.

तुझी,
ताई